साखर कारखान्याचं सांडपाणी : मोजणी, नोंदी आणि अहवाल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पान साखर कारखान्याच्या ईटीपीवर (सांडपाणी प्रक्रिया संयंत्रावर) काम करणाऱ्या केमिस्ट, ऑपरेटर आणि पर्यावरण विभागातल्या मंडळींसाठी आहे. शेवटचे दोन प्रश्न कारखान्याशेजारच्या गावांतून येतात, तेही घेतले आहेत. आसवनीचा स्पेंटवॉश (मद्यार्क काढल्यावर उरणारं सांडपाणी) हा वेगळा विषय आहे. इथे फक्त साखरेच्या बाजूचं पाणी आहे.

संमतीपत्रात नक्की काय पाहायचं?

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ नुसार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय सांडपाणी बाहेर सोडता येत नाही. महाराष्ट्राने याआधीच, १९६९ साली, स्वतःचा कायदा केला होता आणि १९७० मध्ये मंडळही स्थापन झालं होतं. त्यामुळे ‘कन्सेंट’ हा शब्द आपल्या कारखान्यांत जुनाच आहे. कारखाना उभारण्याआधीची संमती वेगळी आणि चालवण्याची वेगळी. रोजच्या कामात लागते ती चालवण्याची.

त्यातल्या चार गोष्टी पाठ हव्यात: रोजचं किती घनमीटर पाणी मंजूर आहे, ते कुठे सोडायचं (शेतात, नाल्यात की पुन्हा वापरात), प्रत्येक घटकाची मर्यादा आणि नमुने किती दिवसांनी तपासायचे. बऱ्याच ठिकाणी संमतीपत्र ऑफिसच्या फायलीत असतं आणि ईटीपीच्या लॅबमध्ये भिंतीवर दुसऱ्याच कुठल्या तरी कारखान्याच्या तक्त्याची झेरॉक्स. तो तक्ता आधी काढून टाका.

साखर उद्योगासाठी मर्यादा कोणत्या?

केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने १४ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने त्या बदलल्या. पीएच ५.५ ते ८.५. बीओडी (घाण खाताना जंतू पाण्यातला किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप) पाणी नाला-नदीत सोडायचं असेल तर ३० आणि जमिनीवर सोडायचं असेल तर १०० मिलिग्रॅम प्रति लिटर. तरंगते घन पदार्थ नदीसाठी ३०, जमिनीसाठी १००. तेल आणि ग्रीस १०. विरघळलेले क्षार २,१००. सीओडीचा (तीच घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्याचा) आकडा संमतीपत्रात पाहा, सर्वसाधारण मानकांत तो २५० आहे.

संमतीपत्रात यापेक्षा कडक आकडा दिला असेल तर तोच पाळायचा. अधिसूचना ढिली आहे म्हणून संमतीपत्रातली अट ढिली होत नाही.

आणि पाणी किती सोडता येतं?

गाळप केलेल्या प्रत्येक टन उसामागे २०० लिटर. त्यातलं १०० लिटर प्रक्रिया केलेलं सांडपाणी आणि १०० लिटर स्प्रे पाँडचा (कंडेन्सरचं गरम पाणी फवारून थंड करायच्या तळ्याचा) ओव्हरफ्लो किंवा कूलिंग टॉवरचं ब्लोडाउन (मुद्दाम काढून टाकलेलं पाणी). दिवसाला ५,००० टन गाळप असेल तर ईटीपीतून ५०० घनमीटर आणि पाँडकडून ५०० घनमीटर. बाहेर जाण्याची जागा एकच. मागच्या कंपाउंडमधून ‘फक्त पावसाचं पाणी’ जाणारी दुसरी चारी निघाली की तिथेच वाद सुरू होतो.

इथे साखर कारखान्याचा एक स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. उसात साधारण ७० टक्के पाणीच असतं. ५,००० टन उसाबरोबर साडेतीन हजार टन पाणी गेटमधून आत येतं आणि वाफ होऊन, कंडेन्सेट होऊन कारखान्यात फिरतं. म्हणून ‘आम्ही नदीतून पाणीच उचलत नाही, मग सोडणार कुठून?’ हा युक्तिवाद टिकत नाही. इनलेटचं मीटर शून्य दाखवत असतानाही आउटलेट वाहू शकतं.

प्रवाह मोजायला व्ही-नॉच (पाणी जिच्यातून वाहतं ती व्ही आकाराची खाच) पुरेशी आहे का? मीटर घ्यावाच लागेल?

आउटलेटला विद्युतचुंबकीय फ्लोमीटर हवा आणि त्याचं टोटलायझर (एकूण प्रवाहाचा आकडा) रोज ठरलेल्या वेळी वाचलं पाहिजे. व्ही-नॉच मात्र काढू नका, मीटरवर नजर ठेवायला तिच्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

९० अंशांच्या नॉचसाठी सूत्र साधं आहे: पाण्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचा अडीचावा घात करा आणि १.३८ ने गुणा. उत्तर घनमीटर प्रति सेकंद येतं. उंची १० सेंटिमीटर असेल तर ताशी सुमारे १५.७ घनमीटर. ११ सेंटिमीटर असेल तर सुमारे १९.९. एका सेंटिमीटरने प्रवाह सव्वा पटीहून वाढला. म्हणून पट्टी नॉचच्या तोंडाशी लावू नका. तिथे पाणी खाली वाकलेलं असतं आणि उंची कमी दिसते. पट्टी थोडी मागे, संथ पाण्यात, आणि तिचा शून्य नॉचच्या खालच्या टोकाशी पातळीत. नॉचमागे गाळ साचला की हिशेब गेला, तेव्हा दर आठवड्याला फावडं फिरवा.

नुसते मिलिग्रॅम प्रति लिटर लिहिले तर चालतं ना? किलोंचा हिशेब कशाला?

आमच्या मते या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे. मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे पाणी किती घट्ट आहे. नदीला किंवा शेताला प्रत्यक्ष किती घाण गेली हे त्यातून कळत नाही. मिलिग्रॅम प्रति लिटर गुणिले रोजचे घनमीटर, भागिले १,०००, म्हणजे रोजचे किलो. बीओडी ३० आणि पाणी ५०० घनमीटर असेल तर १५ किलो. बीओडी २० वर आणला पण पाणी १,००० घनमीटर झालं तर २० किलो. कागदावर सुधारणा, नदीला मात्र जास्त घाण. साधं पाणी मिसळून आकडा खाली आणण्याची युक्ती इथेच उघडी पडते. पातळ करणं म्हणजे प्रक्रिया नव्हे.

नमुना कुठून आणि कसा घ्यायचा?

शेवटच्या टाकीनंतर, बाकी कुठलाही प्रवाह मिसळण्याआधी, वाहत्या पाण्यातून. भिंतीला घासून नको, तळाचा गाळ ढवळून नको, वरची साय काढूनही नको. रोजच्या नियंत्रणासाठी एकाच वेळचा नमुना ठीक आहे. महिन्याच्या अहवालासाठी २४ तासांचा एकत्रित नमुना जास्त खरा, कारण साखर कारखान्याचं पाणी तासातासाला बदलतं. सकाळी मिल हाऊस धुतात, रात्री पॅन (साखर शिजवण्याची भांडी) उकळतात, आणि महिन्यातून कधी तरी इव्हॅपोरेटर (रस आटवण्याचं यंत्र) कॉस्टिक सोड्याने साफ होतो तेव्हा पीएच १२ च्या वर जातो. सकाळी दहाला घेतलेला नमुना यातलं काहीच सांगत नाही.

तेल-ग्रीसचा नमुना मात्र एकत्रित करू नये. तेल बाटलीला चिकटतं. त्यासाठी रुंद तोंडाची काचेची बाटली घ्या, नमुन्याच्या पाण्याने ती विसळू नका, गळ्यापर्यंत भरू नका आणि प्रयोगशाळेत ती सगळी वापरा. साखर कारखान्यात तेल येतं मिलच्या बेअरिंगांमधून. स्किमर (पाण्यावरचं तेल काढणारं यंत्र) चालू असताना आउटलेटला ग्रीस दिसत असेल तर स्किमरला दोष देण्याआधी वंगणवाल्याच्या पाळीला एक फेरी मारा.

बाटलीत काही घालावं लागतं का?

घटकागणिक वेगळं. पीएच आणि तापमान जागेवरच मोजायचं, ते बाटलीत टिकत नाही. बीओडीच्या नमुन्यात काहीही घालायचं नाही, बर्फात ४ अंशांजवळ ठेवून शक्य तितक्या लवकर लावायचा. सीओडीसाठी सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली. म्हणजे बीओडी आणि सीओडी एकाच बाटलीतून होत नाहीत, हे नव्या मुलांना दोनदा सांगावं लागतं. साखरेचं पाणी तर जंतूंचं पक्वान्न. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत चार तास राहिलेल्या नमुन्याचा बीओडी हा डिकीचा बीओडी असतो.

बीओडी ‘तीन दिवस, २७ अंश’ का? पुस्तकात तर पाच दिवस, २० अंश आहे.

ती पद्धत थंड देशांतली. आपल्या हवामानाला धरून भारतीय मानकाने २७ अंशांना तीन दिवस घेतले आणि दोन्हींचं उत्तर साधारण जवळ येतं. अहवालावर कुठली पद्धत ते लिहिलंच पाहिजे.

विरळणाचा हिशेब: ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३० मिलिलिटर नमुना म्हणजे दहापट विरळण. तीन दिवसांत विरघळलेला ऑक्सिजन ३ मिलिग्रॅमने उतरला तर बीओडी ३०. कच्च्या पाण्याचा बीओडी १,००० असेल तर बाटलीत १ मिलिलिटरच घालायचं. ऑक्सिजन निदान २ मिलिग्रॅम खर्च झालेला हवा आणि निदान १ मिलिग्रॅम शिल्लक. बाटलीत ऑक्सिजन शून्य झाला असेल तर ते उत्तर नाही, ती फुकट गेलेली बाटली आहे. म्हणून एकाच नमुन्याची दोन-तीन विरळणं लावा. आणि इन्क्युबेटरला इन्व्हर्टर जोडून घ्या.

दुपारपर्यंत सगळं ठीक होतं आणि संध्याकाळी सीओडी एकदम चढला. कशामुळे?

बहुतेक वेळा साखरेमुळे. एक किलो साखरेचा सीओडी सुमारे १.१२ किलो असतो. दहा घनमीटर पाण्यात एक किलो साखर गेली तर सीओडी ११२ ने वाढतो. पॅन जोरात उकळला, व्हॅक्यूम हलला, रस वाफेबरोबर कंडेन्सरमध्ये गेला की साखर स्प्रे पाँडमध्ये उतरते. पाँडचं पाणी वरून स्वच्छ दिसतं आणि दोन दिवसांत आंबूस वास मारायला लागतं.

सीओडीला निदान दोन तास रिफ्लक्स (वाफ थंड करून परत आत घेत उकळणं) लागतो, तोवर थांबू नका. अल्फा नॅफ्थॉलची चाचणी दोन मिनिटांची आहे. परीक्षानळीत कंडेन्सरचं थोडं पाणी, त्यात अल्फा नॅफ्थॉलचे दोन-चार थेंब, मग नळी तिरपी धरून कडेने तीव्र सल्फ्युरिक आम्ल सावकाश सोडा. दोन थरांच्या मध्ये जांभळी कडी दिसली की साखर आहे. नळीचं तोंड स्वतःकडे धरू नका. कारखान्याची प्रयोगशाळा ही चाचणी साखरेच्या नुकसानीसाठी करतेच, फक्त तिचा निकाल ईटीपीपर्यंत पोचत नाही. शिफ्ट केमिस्टने एक फोन केला तर एअरेशन टाकीचा (जंतूंना हवा देण्याच्या टाकीचा) आठवड्याचा त्रास वाचतो. पॅनवर गेलेली साखर ही विक्रीची साखर होती, हे सांगितलं की उत्पादन विभागही ऐकतो.

मंडळाचे अधिकारी नमुना घ्यायला आले तर आम्ही काय करायचं?

शांतपणे बरोबर जायचं. जल अधिनियमाचं कलम २१ याच कामासाठी आहे. अधिकारी जागेवरच नमुना घेत असल्याची नोटीस देतात. नमुन्याचे दोन भाग करा अशी मागणी तुम्ही करू शकता. मग दोन्ही भागांवर खूण, सील आणि दोघांच्या सह्या होतात. एक भाग मंडळाच्या किंवा मंडळाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेकडे, आणि तुम्ही विनंती केली तर दुसरा कायद्याने नेमलेल्या राज्य जल प्रयोगशाळेकडे जातो. मागणीच केली नाही तर एकच भाग जातो आणि नंतर तक्रारीला जागा राहत नाही. मुद्दाम गैरहजर राहिलं तरी नमुना थांबत नाही.

ही पद्धत न पाळता घेतलेल्या नमुन्याचा निकाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. हे वाक्य काही जणांना भलतंच आवडतं. पण त्याच निकालावरून कारणे दाखवा नोटीस यायची ती येतेच, आणि तिला उत्तर तांत्रिकच द्यावं लागतं.

त्या दिवशीच्या नोंदी मात्र करून ठेवा: वेळ, जागा, मीटरचं वाचन, गाळप, एअरेटर किती चालू होते, जागेवरचा पीएच. शक्य असेल तर त्याच वेळी त्याच जागेवरून स्वतःचाही नमुना घ्या.

आमच्या प्रयोगशाळेचा निकाल ४०, बाहेरच्या प्रयोगशाळेचा ७०. कुणाचा खरा?

आधी विचारा, नमुना एकच होता का. एकाच बादलीतून दोन बाटल्या भरल्या होत्या का, एकाच वेळी थंड केल्या का, तपासणी कधी सुरू झाली. निम्मे वाद इथेच मिटतात. त्यानंतर पद्धत, विरळण, थायोसल्फेटचं प्रमाणीकरण. बीओडीत थोडा फरक राहणारच, ती जिवंत जंतूंची चाचणी आहे. सीओडीत एवढी तफावत आली तर कुणाची तरी चूक नक्की. अहवालासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच निकाल लागतो. घरचा निकाल संयंत्र चालवायला.

ऑनलाइन मॉनिटरिंग बसवलं आहे. मग हाताने नमुने घ्यायचे बंद करायचे का?

नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ५ फेब्रुवारी २०१४ च्या निर्देशाने अतिप्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांना सतत मोजणारी यंत्रं बसवायला सांगितलं, त्यात साखर आहे. पीएच, बीओडी, सीओडी, तरंगते घन पदार्थ आणि प्रवाह यांचे आकडे थेट सर्व्हरवर जातात.

पण यंत्र तीन दिवस थांबून बीओडी मोजत नाही. बहुतेक सेन्सर पाण्यातून प्रकाश सोडतात, किती शोषला गेला ते पाहतात आणि त्यावरून बीओडी-सीओडीचा अंदाज काढतात. तो अंदाज तुमच्याच पाण्याच्या प्रयोगशाळेतल्या निकालांवर जुळवून घ्यावा लागतो. गाळपाच्या सुरुवातीचं पाणी आणि मार्चमधलं पाणी सारखं नसतं, म्हणून जुळवणी हंगामात पुन्हा करायची. काचेवर शेवाळ धरलं की आकडा चढतो, सेन्सर हवेत उघडा पडला की भलताच येतो. दुरुस्तीसाठी बंद केला तर वेळ आणि कारण लिहून मंडळाला कळवा. साध्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलेला सेन्सर रात्रंदिवस एकच सरळ रेष काढतो, आणि सर्व्हरसमोर बसलेल्या माणसाला ती रेष सगळ्यात आधी दिसते.

सापडलंच नाही तर शून्य लिहायचं का?

नाही. पद्धतीची शोधमर्यादा २ असेल तर ‘२ पेक्षा कमी’ लिहा. शून्य म्हणजे नाहीच, असं कुठलीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही.

लॉगबुक रोज भरतो. तरी ‘नोंदी संशयास्पद’ असा शेरा आला. का?

कारण आकडे एकमेकांशी बोलतात. बीओडी सीओडीपेक्षा जास्त असूच शकत नाही, तरी असे अहवाल येतात. चांगली प्रक्रिया झालेल्या पाण्यात जंतूंना खाण्यासारखं थोडंच उरतं, त्यामुळे बीओडी सीओडीच्या बराच खाली जातो. तिथे दोन्ही जवळजवळ सारखे लिहिले की वाचणारा थांबतो. सलग तीस दिवस पीएच ७.२, एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात, तिन्ही पाळ्यांत. कारखाना बंद होता त्या दिवशीही ५०० घनमीटर. एअरेटर २४ तास चालू आणि ईटीपीच्या वीजमीटरला निम्मेच युनिट. जंतूंच्या पोषणासाठी युरिया-डीएपी रोज टाकल्याची नोंद आणि स्टोअरमधून हंगामात दोनच पोती उचललेली. महिनोन्‌महिने बीओडी उतरतोय, पण ड्रायिंग बेडवर (गाळ वाळवायच्या जागेवर) गाळच नाही. बीओडी गेला तर त्याचे जंतू झाले असणार, ते कुठे गेले?

जाणकार अधिकारी पाण्याआधी हे वाचतो. खोटी माहिती देणं किंवा मोजणीच्या यंत्राशी छेडछाड करणं यावर कलम ४२ खाली स्वतंत्र कारवाई होऊ शकते. मर्यादा ओलांडलेला खरा आकडा, कारणासह आणि काय केलं त्यासह लिहिलेला, निभावून नेता येतो. ऑपरेटरवर ‘आकडा बसवून टाक’ असा दबाव असेल तर दोष ऑपरेटरच्या माथी मारू नये, हे व्यवस्थापनातल्या वाचकांसाठी.

वर्षाचे अहवाल कोणते?

पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५: ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचं, ३० सप्टेंबरपर्यंत. वापरलेलं तेल वगैरे घातक कचऱ्याचा फॉर्म ४: ३० जूनपर्यंत.

फॉर्म ५ मध्ये साखरवाले एका जागी हमखास अडकतात. आपलं साखर वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर, फॉर्म मात्र एप्रिल ते मार्च. हंगाम एप्रिलमध्ये लांबला तर ते गाळप पुढच्या फॉर्मात जातं. हंगामाचं पूर्ण गाळप आणि मार्चपर्यंतचंच पाणी असं मिसळलं की टनामागचं पाणी आपोआप कमी दिसतं. कुणी ते मुद्दाम करतं, बहुतेकांचं नकळत होतं.

मळीची टाकी फुटली किंवा ईटीपी बंद पडला तर?

आधी वाहणं अडवा, मग लगेच मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला कळवा. अपघाताने प्रदूषक पाण्यात गेला किंवा जाण्याची शक्यता असेल तर कळवणं कलम ३१ नुसार बंधनकारक आहे. मळीच्या वजनात साधारण निम्मी साखर असते. एक टन मळी नाल्यात गेली तर त्यातल्या साखरेचाच सीओडी ५०० किलोंच्या वर जातो आणि ती खाणारे जंतू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. मासे मरतात ते विषाने नव्हे, गुदमरून. फोननंतर ईमेल करा, वेळ आणि अंदाजे प्रमाण लिहा.

गाळप संपलं. आता ईटीपी बंद?

लगेच नाही. २०१६ च्या अधिसूचनेनुसार गाळप सुरू होण्याच्या एक महिना आधी ईटीपी स्थिरावलेला हवा आणि संपल्यावर एक महिना चालू. हंगामाअखेर टाक्या, पाइप, पाँड सगळं धुतलं जातं, तेव्हा सर्वांत घट्ट पाणी याच दिवसांत येतं. सिंचनाला पाणी नको असेल त्या काळासाठी १५ दिवसांची साठवणही लागते. पहिल्या पावसाआधी ती टाकी रिकामी नसेल तर पाऊस ती रिकामी करतो.

आम्ही शेजारच्या गावातले आहोत. कारखान्याला काय मंजूर आहे हे आम्हाला कळू शकतं का?

हो. संमतीच्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची आणि बाधित किंवा संबंधित माणसाला ती पाहता आली पाहिजे, असं कलम २५ सांगतं. माहिती अधिकारही आहेच. मागताना ‘प्रदूषणाची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. संमतीपत्राची प्रत, गेल्या हंगामातले नमुन्यांचे निकाल, फॉर्म ५ आणि दिलेल्या नोटिसा अशी नावं घेऊन मागा.

नाल्यात मासे मेले. आम्ही बाटलीत पाणी भरून ठेवलंय, ते चालेल?

कोर्टात कारखान्याविरुद्ध पुरावा म्हणून ती बाटली पुरी पडणार नाही, कारण कलम २१ चा नमुना मंडळच घेतं. तक्रारीला मात्र उपयोग होतो. त्याहून जास्त उपयोग लगेच केलेल्या फोनचा, कारण वाहतं पाणी पुरावा घेऊन जातं. वेळ, जागा, रंग, वास लिहा. कारखान्याच्या आउटलेटच्या वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला, दोन्हीकडचे फोटो काढा. वरच्या बाजूलाही मासे मेले असतील तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल. उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. दखल घेतली जात नसेल तर मंडळाला किमान ६० दिवसांची नोटीस देऊन कलम ४९ खाली स्वतः कोर्टात तक्रार करता येते, आणि त्यासाठी मंडळाकडचे संबंधित अहवाल मागता येतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे.